म्हणींचं व्याज

मागच्या वैशाखात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. लग्न 'लॉन्स'वर होतं. लॉन्स म्हणजे गावाबाहेरचं असं कार्यालय, जिथे हिरवळीपेक्षा पार्किंग जास्त असतं. वर ड्रोन घिरट्या घालत होता, खाली वधूवर धुरातून चालत येत होते आणि जेवणात पाणीपुरीपासून पास्त्यापर्यंत सगळं असल्यामुळे 'वरण-भात कुठे आहे' हे विचारणाऱ्यांची एक वेगळी रांग लागली होती. माझ्या शेजारी आत्या बसली होती. तिने ड्रोनकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं, जिलबीचा एक तुकडा मोडला आणि निकाल दिला, "ऋण काढून सण."

मला राहवलं नाही. "आत्या, दादाच्या लग्नात तू सांगलीहून बँड मागवला होतास. घोडे दोन होते. एक नवरदेवाला आणि दुसरा, पहिला ऐनवेळी बुजला तर असू दे म्हणून. पतपेढीचे हप्ते चार वर्षं चालले होते."

आत्याने जिलबी संपवली, बोटं पुसली आणि म्हणाली, "अरे, हौसेला मोल नसतं."

दोन्ही म्हणी अस्सल, दोन्ही शंभर नंबरी आणि दोन्हींचा विषय एकच, ऐपतीबाहेरचा खर्च. पहिली लोकांच्या मांडवासाठी, दुसरी आपल्या. शाळेत मास्तरांनी वहीत उतरवून घेतलं होतं की म्हणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण. परीक्षेत 'म्हण पूर्ण करा' यायचं, आणि आम्ही अर्ध्या म्हणीला दुसऱ्याच म्हणीची शेपटी लावून वर्गाची करमणूक करायचो. लॉन्सवरून परतताना मला वाटलं, मास्तरांचं थोडं चुकलंच. म्हण ही वकिलासारखी असते. जो आधी गाठेल त्याचं वकीलपत्र घेते आणि समोरच्या बाजूला तिचीच सख्खी बहीण उभी राहते.

पैशाच्या मामल्यात तर हे पक्कंच. शेजारी काटकसर करतो तेव्हा 'चमडी जाय पण दमडी न जाय'. आपण करतो तेव्हा 'थेंबे थेंबे तळे साचे'. साडूने मोठी गाडी घेतली की 'बडा घर पोकळ वासा'. आपल्या घरी सेलमधला बिनकामाचा मिक्सर आला की 'पदरी पडलं पवित्र झालं'. दुसऱ्याची तंगी दिसली की 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही'. आणि आपली तंगी? ती दिसतच नाही, कारण 'झाकली मूठ सव्वा लाखाची'.

आमच्या आत्याला सगळं कुटुंब पाठीमागे कवडीचुंबक म्हणतं. पाठीमागे म्हणतं, कारण तोंडावर म्हणालं तर ती उलट दोन म्हणी मारील अशी भीती. ती चहात साखर घालताना चमचा हलवून सपाट करते. दिवाळीला आलेल्या मिठाईच्या खोक्याचा सोनेरी कागद इस्त्री करून ठेवते. रिक्षावाल्याने तीन रुपये सुट्टे नाहीत म्हटलं की खाली उतरून, पदर खोचून, रस्त्यापलीकडच्या पानवाल्याकडून नोट मोडून आणते आणि मग त्याला हिशेबाने पैसे देते. तिच्यासारख्या माणसांमुळेच या देशात नाण्यांना मान आहे.

खरं तर नाण्यांना सगळ्यात जास्त मान आहे तो म्हणींत. म्हणींची टांकसाळच वेगळी. एके काळी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै होत. १ एप्रिल १९५७ ला सरकारने रुपयाचे शंभर नवे पैसे केले आणि आणा बाद झाला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणंही चालेनासं झालं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या. मग दोन हजारांची गुलाबी नोट आली, आणि २०२३ मध्ये तीही परतीच्या वाटेला लागली. एवढ्या उलथापालथीत म्हणींतली दमडी जागची हललेली नाही. 'हातात नाही अडका आणि बाजारात धडका' म्हणणाऱ्या कोणीही आजवर अडका पाहिलेला नाही. फुटकी कवडीसुद्धा अजून चालते. या कवड्या मुळात मालदीवच्या समुद्रातून यायच्या, म्हणजे जुन्या काळचं परकीय चलनच ते. आपण 'कवडीमोल' म्हणून जिला हिणवतो, तिचीच माळ तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात असते. बाजारातून निवृत्त होऊन देवीच्या दारात इतक्या मानाने रुजू झालेलं दुसरं नाणं मला माहीत नाही.

नाण्यांचा विषय निघालाच आहे तर कोंबडीचा हिशेब करू. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण आपण उधळपट्टीची खूण म्हणून वापरतो. मीही पन्नाशीपर्यंत तशीच वापरली. मग एकदा रिकामपणी बेरीज केली. चार आणि बारा सोळा. बरोबर एक रुपया! घरून निघताना बाईच्या हातात रुपया होता, रुपयाचीच खरेदी झाली, वर पैची उधारी नाही. म्हणीतला सगळा हिशेब चोख आहे. आरडाओरडा करणारा नवरा असणार. त्याला कोंबडीचा भाव माहीत होता, मसाल्याचा नव्हता. मसाल्याचा भाव माहीत असलेला पुरुष अजून जन्मायचा आहे.

आता भाव उलटे झालेत. कोंबडी महाग आणि मसाल्याची पुडी दहा रुपयांना. त्यामुळे म्हण बिचारी पोल्ट्रीतून बाहेर पडली आणि तिने दुसरीकडे घरं केली. प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि त्याची शाई विकत घेताना माणूस गहाण पडतो, तिथे ती राहते. परवा बायकोने मोबाइलवरून दोनशेची बिर्याणी मागवली. बिलात डबाबंदीचे पैसे, पोचवणावळ, ॲपचं स्वतःचं शुल्क, या सगळ्यावर कर आणि शेवटी, बाहेर पाऊस आहे म्हणून जादा आकार. पावसाला पैसा द्यायची आपली पद्धत लहानपणापासूनची, मान्य आहे. पण आपल्या वेळी तो पैसा खोटा असायचा.

काही म्हणी मात्र हसत हसत जवळ गेलं की चिमटा काढतात. 'दुष्काळात तेरावा महिना' घ्या. आपण ही म्हण लिफ्ट बंद असताना पाहुणे आले की वापरतो. तिचा मूळ हिशेब पंचांगातला आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते आणि ती साठत साठत तेहेतिसाव्या महिन्याच्या आसपास एक अख्खा अधिक महिना पदरात पडतो. कणगीतलं धान्य बारा महिन्यांच्या हिशेबाने भरलेलं. पाऊस नाही झाला म्हणून तेही अर्धंच. आणि पंचांग सांगतं, थांबा, यंदा अजून एक महिना आहे. बरं, हा महिना नुसता येत नाही, जावयाला घेऊन येतो. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे विष्णू, त्याला तेहतीस अनारशांचं वाण! कणगीचा तळ दिसतोय आणि सासू तूप कढवतेय. ही म्हण पहिल्यांदा कोणी उच्चारली असेल याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सासऱ्याने. तीही जावयाच्या पाटाकडे पाठ करून.

पगारदारांना या म्हणीची झळ लागत नाही, कारण आमचा पगार इंग्रजी महिन्यांवर चालतो आणि इंग्रजांना अधिक महिना माहीत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा आमच्या हापिसात चर्चा झाली ती फक्त श्रावण दोनदा पाळायचा की एकदाच, यावर. पण गावाकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. पाडवा ते पाडवा. अधिक महिना आला की तेच साल तेरा महिन्यांचं होतं. ठरलेली रक्कम तेवढीच राहिली, तर एक महिना त्याने कोणासाठी राबायचं? मालकाच्या ओट्यावर जी म्हण गंमत असते, ती गड्याच्या झोपडीत नुसती तारीख असते.

गरिबाच्या घरात म्हण वेगळी ऐकू येते, हे 'अंथरूण पाहून पाय पसरावे' वरूनही कळतं. लहानपणी मला हा उपदेश झोपेविषयीचा वाटायचा, कारण आम्ही पाच भावंडं दोन सतरंज्यांवर झोपायचो आणि पाय पसरले की दुसऱ्याच्या पोटात जायचे. नंतर लक्षात आलं की ही म्हण लांब अंथरूणवाला आखूड अंथरूणवाल्याला सांगतो. 'बाबा रे, तुझे पाय लांब आहेत, मी अंथरूण लांब करून देतो' असं सांगणारी म्हण मराठीत नाही. ती उणीव पुढे गृहकर्ज देणाऱ्या बँकांनी भरून काढली. बँकेतला तरुण मुलगा तुमचे पाय बघतो, पगाराची चिठ्ठी बघतो आणि म्हणतो, "सर, पसरा हो! अंथरूण आम्ही देतो, वीस वर्षं तुम्ही फक्त उसवत राहायचं."

बचतीच्या म्हणीचंही असंच. आमच्या गावात एक पतसंस्था होती. तिचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी सायकलवरून यायचा. काखेत चामडी पिशवी, कानावर पेन. पानवाला दहा द्यायचा, भाजीवाली पाच, माझे वडील दोन. पासबुकाच्या मागे छापलेलं असायचं, 'थेंबे थेंबे तळे साचे.' वडील रोज झोपताना ते वाचायचे. नऊ वर्षांत तळं चांगलं गुडघाभर झालं आणि एका सोमवारी पतसंस्थेचं शटर उघडलंच नाही. संचालक कुठे गेले ते कोणालाच कळेना. बाहेर जमलेल्या गर्दीत भाजीवाली रिकामी पाटी घेऊन उभी होती. ती कोणाकडे न बघता म्हणाली, "तळं राखील तो पाणी चाखील." पासबुकावर छापायला ही दुसरी म्हण कोणी निवडली नव्हती, एवढंच. जागा तर होती.

आणि ती सोनुबाई! 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिला हिणवलं. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोनं लाखाच्या वर गेलं आणि लग्नालग्नांतून एक ग्रॅमवाल्या दागिन्यांच्या सोनुबाया मिरवू लागल्या. कथलाचाही भाव जाऊन विचारा. कल्हईवाला ज्याची कांडी भांड्यावर घासायचा, ते कथील आज तांब्यापेक्षा कितीतरी महाग आहे. सोनुबाईला गुंतवणुकीतलं कळत होतं. तिला कोणी विचारलं नाही.

या म्हणी केल्या कोणी, हा प्रश्न मला मध्यंतरी फार छळत होता. १८९९ मध्ये मॅनवेरिंग नावाच्या पाद्रीसाहेबाने मराठी म्हणी इंग्रजी भाषांतरासकट ऑक्सफर्डहून छापून काढल्या. पुढे दाते-कर्व्यांनी वाक्संप्रदायांचा मोठा कोश रचला. श्रीमंताने स्वतःच्या श्रीमंतीवर केलेली एक तरी म्हण मला हवी होती. आठवल्या तेवढ्या सगळ्या चाळल्या. 'थोराघरचे श्वान, त्याला सर्व देती मान' सापडते, पण ती श्वानाला रस्ता देणाऱ्याने केलेली. 'दाम करी काम' सापडते, पण ती ज्याचं काम अडलं त्याची. 'घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा' ही शेजाऱ्याची. श्रीमंताला म्हण करायची गरजच पडत नसावी. तो पैसे देऊन मोकळा होतो.

सगळ्यात कसून पारखली ती 'असतील शिते तर जमतील भुते.' ही म्हण मी शेकडो वेळा ऐकली आहे. दुकान बुडालेल्या काकांकडून, निवृत्त झालेल्या साहेबांकडून, निवडणूक हरलेल्या माजी सरपंचांकडून. शितं ताटात असताना ती कोणी उच्चारलेली मी ऐकली नव्हती. तेव्हा भुतांना भुतं म्हणत नाहीत, मित्रमंडळ म्हणतात. शितं संपली, अंगणातल्या चपला कमी झाल्या, की मग एका संध्याकाळी ही म्हण सुचते. पैशाविषयीचं मराठी शहाणपण बहुतेक असं, पैसा गेल्यावर आलेलं.

इथवर माझा सिद्धान्त ठाकठीक होता. आत्याने तो मोडला.

त्यासाठी २०१६ मध्ये जावं लागेल. नोटा बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला, "एकटाच ये. बायकोला सांगू नकोस." गेलो. तिने स्वयंपाकघराचं दार लावलं, वरच्या फळीवरून दाण्याच्या कुटाचा डबा काढायला लावला आणि तो परातीत पालथा केला. आधी कूट पडलं आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पाचशेच्या नोटा. मग रव्याचा डबा. मग साबुदाण्याचा. आम्ही दोघं जमिनीवर बसून नोटा झटकत होतो. झटकता झटकता ती म्हणाली, "झाकली मूठ होती रे. उघडायला लावली." मोजून झालं. कितीदा मोजलं तरी आकडा तोच. सव्वा लाखाच्या वर एकवीस हजार. झाकली मूठ उघडल्यावर ती म्हणीपेक्षा जास्त भरल्याचं उदाहरण माझ्या माहितीत हे एकच. दुसऱ्या दिवशी बँकेच्या रांगेत चार तास उभे राहिलो. कॅशियरने गड्डी मोजता मोजता दोनदा नाक वर केलं आणि शेवटी विचारलंच, "काकू, आज घरी साबुदाण्याची खिचडी का?" आत्याने ती रक्कम मुदत ठेवीत टाकली आणि मला शपथ घातली. ती मी आता मोडतो आहे, पण तिच्याच परवानगीने.

यंदा आम्ही फ्लॅट घेतला. अंथरूण बँकेने दिलं, पण पायाकडची थोडी बाजू आपली आपण शिवायची असते. त्यात अडीच लाख कमी पडत होते. साडूला विचारलं, त्याने गाडीच्या हप्त्यांची यादी वाचून दाखवली. दादाला विचारलं, तो म्हणाला, "यंदा सगळीकडेच ओढाताण आहे रे," आणि विषय हवामानाकडे नेला. आत्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. कवडीचुंबकाकडे लाख मागणं म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात शोधणं. तिला कोणाकडून कळलं कोण जाणे. एका दुपारी रिक्षाने आली, खाली तीन रुपयांवरून दहा मिनिटं वाद घातला, वर येऊन पाणी प्यायली आणि पिशवीतून चेक काढला. ठेव मोडली होती. चेकला कुटाचा वास नव्हता, तरी मला तो आला.

मला काय बोलावं कळेना. बायको म्हणाली, "आत्या, अहो एवढे पैसे... तुमच्या म्हातारपणाचे..."

आत्या म्हणाली, "असतील शिते तर जमतील भुते. माझ्याकडे आजवर एक भूत फिरकलं नाही, सगळ्यांना वाटतं ताट रिकामं आहे. म्हटलं शितं आहेत तोवर एखादं तरी जेवून जाऊ दे." मग माझ्याकडे बघून, "बस रे भुता. चहा करायला सांग, साखर अर्धा चमचा."

मी व्याजाचं विचारलं. ती म्हणाली, "तुझ्याकडून व्याज घेऊन मी काय करू?" मला हायसं वाटलं, ते चुकलंच. तेव्हापासून मुद्दल मी दरमहा पाच तारखेला तिच्या घरी जाऊन रोख देतो, कारण फोनवरून पाठवलेला पैसा तिला दिसत नाही. व्याज ती म्हणींत घेते. दर हप्त्याला एक. चुकलेल्या हप्त्याला दोन.

पण खरी वसुली झाली वास्तुशांतीला. बायकोच्या आग्रहाखातर आम्ही दिवाणखान्याला खोटं छत केलं होतं, त्यात तीन रंगांचे दिवे. स्वयंपाकघरात ओढले की सावकाश बंद होणारे खण. मंडळी वाहवा करत होती. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताट घेऊन बसली होती. तिने वर छताकडे पाहिलं, रंग बदलेपर्यंत वाट पाहिली, जिलबीचा एक तुकडा मोडला आणि शेजारच्या बाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "ऋण काढून सण."

ऋण कोणाचं, हे त्या खोलीत तिघांनाच माहीत होतं. मी वाकून तिच्या ताटात अजून एक जिलबी वाढली आणि म्हणालो, "आत्या, हौसेला मोल नसतं."

"मोल नसतं," आत्या म्हणाली, "हप्ता असतो. पाच तारीख."